मोहन भार्गवचा पासपोर्ट

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला आणि मास्टर्सच्या अर्जांच्या तारखा डोक्यावर आल्या की आमच्या पॉडकास्टच्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. एरोस्पेसमध्ये मास्टर्स करू का? पुढे नक्की काय करता येतं? आणि गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी मेल्समध्ये कुठे ना कुठे ‘स्वदेस’ डोकावतो. कुणी लिहितं, लहानपणी तो बघितला आणि नासा डोक्यात बसलं. कुणी लिहितं, बाबा दर पंधरा ऑगस्टला लावतात आणि शेवटी डोळे पुसतात. मीही त्यातलीच. मी मूळची साताऱ्याकडची. चित्रपटातलं चरणपूर उत्तर प्रदेशात आहे असं सांगतात, पण तो घाट आमच्या वाईजवळच्या मेणवलीचा, कृष्णेकाठचा, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. त्यामुळे ‘स्वदेस’ आमच्याकडे जरा जास्तच घरचा.

मी याच विषयात मास्टर्स केलं, मग पीएचडी केली आणि आता अमेरिकेत संशोधन करते. गेल्या महिन्यात तो चित्रपट पुन्हा बघितला. या वेळी रडायचं नाही असं ठरवून, वही घेऊन. (रडले. ते सोडा.) पण वहीत जे उतरलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही ज्या शिक्षणावर दोन वर्षं आणि कुणाचे तरी लाखो रुपये घालणार आहात, त्याचं आपल्या भाषकांच्या मनातलं चित्र बऱ्याच अंशी या एका चित्रपटाने रंगवलंय. ते चित्र कुठे खरं आहे आणि कुठे साफ चुकलंय, हे एकदा नीट बघू.

आधी जे उत्तम आहे ते. आशुतोष गोवारीकरांनी २००४ मध्ये आपल्या नायकाला अंतराळवीर केलं नाही, ही पहिली शहाणपणाची गोष्ट. मोहन भार्गव प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तो मीटिंगा घेतो, पत्रकारांना उत्तरं देतो, साहेबाकडे रजा मागतो. एरोस्पेसमधलं बहुतेक आयुष्य असंच असतं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकल्पाची निवड. मोहन ज्यावर काम करतो तो ग्लोबल प्रेसिपिटेशन मेजरमेंट, म्हणजे जीपीएम, हा काल्पनिक नाही. पृथ्वीवर पडणारा पाऊस आणि बर्फ अवकाशातून मोजायचा, असा तो नासा आणि जपानची जाक्सा यांचा संयुक्त प्रकल्प. पाऊस मोजणं सोपं वाटतं, पण जगातल्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी ठेवली तर ती एका फुटबॉल मैदानात सहज मावतील, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. समुद्रावर, डोंगरात, गरीब देशांत मापकच नाहीत. म्हणून उपग्रह.

आता वास्तव बघा. चित्रपटात मोहन प्रकल्प पूर्ण करतो आणि मग परत निघतो. खरा जीपीएमचा मुख्य उपग्रह चित्रपट आल्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ अखेरीस, जपानच्या तानेगाशिमा बेटावरून एच-२ए रॉकेटवर उडाला. सुरुवातीला साधारण ४०७ किलोमीटर उंचीवरून तो फिरत होता. त्याच्यावरचं दुहेरी वारंवारतेचं रडार जपानने बनवलं, मायक्रोवेव्ह इमेजर अमेरिकेत बनला, आणि अख्ख्या उपग्रहाची जुळणी मेरीलँडच्या ग्रीनबेल्टमधल्या गोडार्ड केंद्रात झाली. त्याच्या जोडीला इतर देशांचे उपग्रह माहिती पुरवत होते. त्यात इस्रो आणि फ्रान्स यांचा मेघा-ट्रॉपिक्सही होता. आज ही माहिती दर अर्ध्या तासाच्या नकाशांच्या रूपात कुणालाही फुकट मिळते.

म्हणजे एक उपग्रह म्हणजे दहा-बारा वर्षं. तुमचं मास्टर्स, तुमची पहिली नोकरी, कदाचित तुमचं लग्न आणि पहिलं मूल, एवढं सगळं त्यात मावतं. तीन तासांच्या चित्रपटाला हे दाखवता येणार नाही, मान्य. पण या क्षेत्रात यायचं तर हा वेळ पोटात घालता यायला हवा. इथे ‘माझं’ असं काही लवकर उडत नाही. एखाद्या कंसाची जाडी, एखाद्या झडपेची चाचणी, एखाद्या कोडमधली चूक, एवढंच तुमच्या वाट्याला येतं आणि त्यावर तीन वर्षं जातात. ज्यांना ते आवडतं त्यांच्यासाठी ही नोकरी सोन्याची.

इथपर्यंत चित्रपटाशी माझं भांडण नाही. घोडं पेंड खातं ते पुढे.

मोहन भार्गवच्या हातात कोणता कागद आहे, हा प्रश्न चित्रपट कधीच कथेच्या मध्यभागी आणत नाही. तो अमेरिकेत शिकतो, नासात लागतो, मोठ्या पदावर जातो, मग मन भरून येतं आणि परत जातो. जणू राहणं आणि जाणं, दोन्ही फक्त त्याच्या मनावर अवलंबून. बाकी कुठल्याही व्यवसायात हे अर्धंमुर्धं चाललं असतं. डॉक्टर, प्रोग्रॅमर, बँकर यांनाही व्हिसाची कटकट असतेच. पण एरोस्पेसची गोष्ट वेगळी आहे. इथे पासपोर्ट हा कामाच्या पात्रतेचाच भाग असतो.

का, ते सांगते. रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांच्यात तांत्रिकदृष्ट्या फार फरक नाही. वर काय ठेवलंय आणि ते कुठे जाऊन पडतं, एवढाच. म्हणून अमेरिकेत आयटार नावाचे नियम आहेत. शस्त्रास्त्रांच्या यादीतल्या वस्तूंची तांत्रिक माहिती ‘यूएस पर्सन’ नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते, मग तो माणूस शेजारच्या टेबलावर बसलेला का असेना. ‘यूएस पर्सन’ म्हणजे नागरिक, ग्रीनकार्डधारक, आणि आश्रय किंवा निर्वासिताचा दर्जा मिळालेले लोक. एफ-१ वर शिकणारा विद्यार्थी त्यात नाही. एच-१बी वर काम करणाराही नाही. कंपनीला परवाना मागता येतो, पण वेळ आणि पैसा लागतो, आणि नुकत्याच पास झालेल्या पोरासाठी तो खटाटोप सहसा कुणी करत नाही.

आता मजा बघा. १९९९ पासून अमेरिकेत उपग्रह सरसकट या शस्त्रयादीत होते. हवामानाचे, दूरसंचाराचे, सगळे. ते बऱ्याच अंशी बाहेर आले आणि वाणिज्य खात्याच्या तुलनेने सौम्य नियमांखाली गेले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये. म्हणजे ‘स्वदेस’ ज्या वर्षी थिएटरात लागला, त्या वर्षी मोहनचा पाऊस मोजणारा उपग्रह कायद्याच्या भाषेत शस्त्रसामग्री होता! पडद्यावर एक देखणा माणूस जगाच्या तहानेबद्दल बोलतोय, आणि कायदा त्याच्या टेबलावरच्या ड्रॉइंगला दारूगोळ्याच्या रांगेत बसवतोय. या विसंगतीत केवढं नाट्य होतं. चित्रपटाने त्याला हातच लावला नाही.

आमच्या विद्यापीठातल्या पहिल्या करिअर फेअरची गोष्ट सांगते. मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर, उसना ब्लेझर, रेझ्युमेच्या वीस प्रती. एका मोठ्या कंपनीच्या टेबलापुढे पाऊण तास रांगेत उभी होते. नंबर आला. समोरच्या बाईंनी हसून रेझ्युमे घेतला, माझ्या प्रोजेक्टबद्दल दोन चांगले प्रश्न विचारले, आणि मग तिसरा विचारला: तुम्ही नागरिक आहात का, की ग्रीनकार्ड? नाही म्हटल्यावर त्यांनी रेझ्युमे तितक्याच हसून परत दिला. त्यांचा दोष नव्हता. माझ्या मागे हैदराबादचा एक मुलगा होता, त्याने ते ऐकलं आणि काही न विचारता रांगेतून बाहेर पडला. त्या दिवशी मी वीसपैकी सतरा प्रती घरी परत आणल्या. मला कुणीतरी हे अर्ज करायच्या आधी सांगायला हवं होतं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नव्हतं, आणि ‘स्वदेस’मध्येही नव्हतं.

खऱ्या आयुष्यातली तुलना हवी असेल तर कल्पना चावला यांचं बघा. १९८२ मध्ये अमेरिकेत आल्या. १९८४ ला टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टनमधून एरोस्पेसचं मास्टर्स, १९८८ ला कोलोरॅडो विद्यापीठातून पीएचडी, आणि त्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रात संगणकीय वायुगतिकीवर काम सुरू. नागरिकत्व १९९१ मध्ये. अंतराळवीर म्हणून निवड डिसेंबर १९९४ मध्ये. या तारखांचा क्रम नीट वाचा. संशोधनाचं दार नागरिकत्वाच्या आधी उघडलं, अंतराळवीराचं नंतर. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कोसळलं तेव्हा आपल्या घराघरांत त्या आपल्या होत्या. त्यांच्या पासपोर्टचा विचार कुणाच्या मनात आला नसेल, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्यासारखं व्हायचं म्हणणाऱ्या मुलीला तो क्रम माहीत असायला हवा.

मग चित्रपटाच्या या गाळण्याने नुकसान काय झालं? माझ्या मते बरंच. राहणं-जाणं हा निव्वळ मनाचा प्रश्न करून टाकला की सगळा हिशोब निष्ठेचा होतो. गेला तो स्वार्थी, परतला तो थोर. तुमच्यापैकी जे इथेच जन्मले त्यांना हा चित्रपट एक उसना अपराधगंड देतो. तुमच्याकडे पासपोर्ट आहे, ते दार तुमच्यासाठी उघडं आहे, आणि आजीच्या गावाला वीज नाही म्हणून तुम्ही ते वापरायला लाजता. जे भारतातून शिकायला आलेत त्यांना तो उलटी भूल घालतो. हुशार असलं की नासा घेतंच, मग परतायचं की नाही ते निवांत ठरवू. प्रत्यक्षात ठरवायची पाळी बहुतेकांवर येतच नाही. शिक्षणानंतर कामाची परवानगी मिळते बारा महिने, अधिक चोवीस. मग एच-१बीची सोडत. ग्रीनकार्डसाठी भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक प्रकारांत दहा वर्षांहून मोठी. आणि नासाच्या स्वतःच्या नोकऱ्या, बहुतेक इंटर्नशिपसुद्धा, नागरिकांसाठीच.

परतीचीही तीच कथा. चित्रपट तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राकडे बोट दाखवतो, जणू तिथे खुर्ची रिकामीच ठेवली आहे. पण इस्रोसुद्धा भारतीय नागरिकांनाच घेते. मध्येच अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्डावर सरकारी नोकरी होत नाही. थोडक्यात, दोन्ही दारांवर पहारेकरी आहे आणि दोघंही एकच कागद मागतात, फक्त रंग वेगळा. ज्या क्षेत्रात सरकारं इतक्या बारकाईने ‘तू कोणाचा?’ विचारतात, त्या क्षेत्रातल्या माणसाची गोष्ट सांगताना तो प्रश्न फक्त काळजाला विचारून भागत नाही.

एवढं बोलून झाल्यावर आता चित्रपटाच्या बाजूने एक सांगते, कारण त्यातला सगळ्यात खरा एरोस्पेसचा प्रसंग नासात घडतच नाही. तो गावात घडतो, दिवा लागतो तेव्हा. डोंगरावरचं पाणी टाकीत साठवायचं, पाइपातून खाली आणायचं, टर्बाइन फिरवायचं. गणित करून बघा. सेकंदाला १० लिटर पाणी ३० मीटर उंचीवरून खाली आणलं तर जवळजवळ तीन किलोवॉट शक्ती होते. घर्षण आणि यंत्रातली घट जाऊन ६० टक्के हाती लागले तरी पावणेदोन किलोवॉट. साठ वॉटचे पंचवीस-तीस दिवे. टर्बाइनच्या पात्यांवर पाणी कोणत्या कोनात यावं, हा विचार जेट इंजिनातल्या पात्यांपाशी करतात त्याच जातीचा. प्रवाह, दाब, फिरणारी यंत्रं, नियंत्रण, आणि पन्नास सुटे भाग जुळवून एक चालतं काम उभं करणं. एरोस्पेसचं मास्टर्स खरं तर हेच शिकवतं. रॉकेट हा त्याचा एक वापर.

इथेही एक तक्रार आहेच. तो दिवा लागतो तो जणू मोहनमुळे. गाव श्रम करतं, पण डोकं एकट्याचं. या चित्रपटाचं नातं अमेरिकेतून परतलेल्या रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री यांच्या कामाशी, आणि नंदुरबारमधल्या बिलगावच्या लघुजलविद्युत प्रकल्पाशी अनेकदा जोडलं गेलंय. तो प्रकल्प २००३ मध्ये उभा राहिला. केरळचे अभियंते, संघटना आणि गावकऱ्यांचं श्रमदान, अशा पुष्कळ हातांनी. परदेशातून आलेला एक हुशार माणूस आणि बघत राहिलेलं गाव, असं ते चित्र नव्हतं. शिवाय चित्रपट एक प्रश्न सोडून देतो. पुढच्या पावसाळ्यात पाइपात गाळ बसला तर तो कोण काढणार? इंजिनियरला झोप न लागण्याचं कारण दिवा लागणं हे कधीच नसतं. दुसऱ्या वर्षी तो लागेल का, हे असतं.

मग एरोस्पेसमध्ये मास्टर्स करायचं की नाही? माझं उत्तर हो असंच आहे. फक्त अर्जाआधी काही प्रश्न मनाशी नीट लावून घ्या.

पहिला, शाखा कोणती. रॉकेट प्रॉपल्शन आणि मार्गदर्शन-नियंत्रण यंत्रणा हे सगळ्यात आकर्षक आणि परदेशी नागरिकासाठी सगळ्यात बंद भाग. संगणकीय प्रवाहशास्त्र, संरचना आणि संमिश्र पदार्थ, कंपनं, नियंत्रण सिद्धांत, उपग्रहाच्या माहितीचं विश्लेषण हे जास्त मोकळे. यातून पवनचक्क्या, मोटारी, हवामान, वैद्यकीय उपकरणं, सॉफ्टवेअर, कुठेही जाता येतं. पवनचक्कीचं पातं हे शेवटी विमानाच्या पंखाचं भावंड.

दुसरा, थीसिस की नुसते कोर्सेस. शक्य असेल तर थीसिस. विद्यापीठात होणारं आणि उघडपणे छापलं जाणारं मूलभूत संशोधन निर्यात नियमांतून बऱ्याच अंशी सुटतं. म्हणून प्रोफेसरांना पहिल्याच मेलमध्ये विचारा: तुमच्या प्रकल्पावर परदेशी विद्यार्थी काम करू शकतो का? विचारायला लाजू नका, त्यांना याची सवय असते. आणि आधीच्या परदेशी विद्यार्थ्यांना कुठे नोकऱ्या लागल्या, तेही विचारा. उत्तर द्यायला प्रोफेसर घुटमळले तर तेही उत्तरच.

तिसरा, देश. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टवर एरोस्पेसचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर सहसा व्हिसाआधी अॅटास हे सुरक्षा-मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं. ते फुकट आहे, पण त्यात आठवडे जातात, तेव्हा उशीर करू नका. युरोपियन स्पेस एजन्सीत मुख्यतः सदस्य देशांचे नागरिक घेतात. भारत सदस्य नाही, ब्रिटन आहे. टूलूझ किंवा हॅम्बर्गला नागरी विमानांच्या कामात ही अट तितकी सर्रास नसते. आणि भारतातलं चित्र २००४ सारखं राहिलेलं नाही. २०२० मध्ये इन-स्पेस स्थापन झालं, खासगी कंपन्यांना दार उघडलं. स्कायरूटचं विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं, अग्निकुलचं रॉकेट मे २०२४ मध्ये. मोहनपुढे परतीचा एकच सरकारी पत्ता होता. तुमच्यापुढे काही जास्त आहेत.

आणि जे इथले नागरिक आहात त्यांना वेगळं सांगते. तुमच्या रांगेत तुमच्याइतकीच तयारी असलेली काही मुलं तिसऱ्या प्रश्नाला बाहेर पडतात. त्यात तुमची चूक नाही, अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त त्याला गुणवत्ता म्हणू नका. आणि लॅबमध्ये कुणी साताऱ्याची, कुणी हैदराबादचा बसलेला असेल तर कोणत्या कंपन्या कुणाला घेतात, ही माहिती मोकळेपणाने वाटा. आमच्यातल्या कित्येकांना पहिली नोकरी अशा एका ओळीच्या मेसेजमुळे मिळाली आहे. मलाही.

शेवटी, ‘स्वदेस’ चांगला चित्रपट आहे का? आहे. स्टेशनवर पाणी विकणारा तो मुलगा आणि पावसाचा अभ्यास करणारा, पण बाटलीचंच पाणी पिणारा मोहन, यांना समोरासमोर आणणं हे मोठ्या दिग्दर्शकाचं काम आहे. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्या दोन मिनिटांत जास्त कळतं की मोजणं आणि तहान भागवणं यांत किती अंतर आहे. चित्रपट फसतो तो हे अंतर एका माणसाच्या परतण्याने मिटेल असं सुचवतो तेव्हा, आणि परतण्याचा खर्च फक्त मनात मांडतो तेव्हा.

या सुट्टीत आई-बाबांबरोबर तो पुन्हा बघा. रडू आलं तर रडा. मग बाबांना विचारा, तुमच्या ग्रीनकार्डला किती वर्षं लागली, आणि तेवढ्यात काय काय करायचं राहून गेलं. तो संवाद चित्रपटात नाही. तो झाला की मग अर्ज भरायला बसा, आणि काही अडलं तर आम्हाला लिहा.